मिरजेचा तंबोरा, लाइपझिगची विद्यार्थिनी आणि काळी पाचचा घोळ

आधीच सांगते, मिरजेत ज्या दुकानातून तंबोरा घेतला त्याचं नाव लिहिणार नाहीये. दुकानातल्या चाचांनीच सांगितलंय, "ताई नाव नका टाकू, आधीच कामं तुंबल्यात." आणि तसंही मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलात की एकाला लागून एक दुकानं आहेत, बऱ्याच जणांची आडनावं पण तीच, कुठल्याही दारात उभं राहून "तंबोरा बघायचाय" म्हणा, कोणीतरी सतरंजी झटकून बसायला देतंच. रिव्ह्यू मात्र सविस्तर लिहितेय कारण मी स्वतः तीस वर्षं गाणं शिकवते आणि माझ्याकडे "ताई तंबोरा कुठून घेऊ" हा प्रश्न महिन्यातून दोनदा येतो, एकदाच लिहून ठेवते म्हणजे लिंक पाठवता येईल.

माझे क्लास पुण्यात, आणि गेली चारेक वर्षं ऑनलाइनपण. ऑनलाइनमधली माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी जर्मनीत लाइपझिगला असते, तिथल्या शाळेत शिक्षिका आहे आणि चर्चच्या कॉयरमध्ये गाते. क्लासमधली पोरं तिला जर्मनताई म्हणतात, मीपण तेच म्हणते. हा तंबोरा तिच्यासाठी घेतला.

चार वर्षं ती मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर (तंबोऱ्याचंच दुसरं नाव) गात होती. अ‍ॅपला मी नावं ठेवत नाही, प्रवासात, रियाजाला, पावसाळ्यात तंबोरा चढत-उतरत असतो तेव्हा मीपण तेच लावते. पण व्हिडिओ कॉलवर भलताच प्रॉब्लेम, कॉलवाल्या अ‍ॅपला आवाज साफ करायची सवय असते, एकसारखा चालणारा आवाज दिसला की त्याला वाटतं फॅन चाललाय, आणि ते तानपुराच गिळून टाकतं! मी इकडे षड्ज लावून बसलेय आणि तिकडे तिला नुसता माझा आ. मग सेटिंगमध्ये जाऊन ते सगळं बंद करायचं, हे कळायला आम्हाला सहा महिने लागले. आणि आवाज पोचायला जो उशीर लागतो त्यामुळे दोघींनी एकत्र गाणं अशक्यच, मी म्हणायचं, थांबायचं, तिनं म्हणायचं. तालाचं तर विचारूच नका, मी सम दाखवते तेव्हा तिच्याकडे सम होऊन गेलेली असते की यायची असते हे देवालाच ठाऊक.

आमची फी पण थोडी वेगळी आहे. अर्धी ती पैशात देते आणि उरलेल्या अर्ध्याच्या बदल्यात क्लासनंतर अर्धा तास मला जर्मन शिकवते. मी पन्नाशीनंतर बोट क्लब रोडला मॅक्समुल्लर भवनात ए-वनला, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीला, नाव घातलं होतं, वर्गात सगळी विशीतली मुलं, मास्टर्सला जायची घाई असलेली, आणि मी एकटी डबा घेऊन येणारी. पहिला दणका बसला तो व्याकरणात, आणि तोच सोपाही गेला, कारण त्यांच्यातपण तीन लिंगं. बाकीची मुलं इंग्रजीतून विचार करत होती म्हणून रडत होती, मी म्हणलं आपल्याकडे तो ती ते आहेच की. फक्त कुठलं कशाला लावायचं यात दोन्ही भाषांना अक्कल नाही. त्यांची मुलगी नपुंसकलिंगी, ऐकून मी हसले, मग लक्षात आलं आपलं मूल, पोर, लेकरू तरी काय आहे!

उच्चारांत ती माझ्यापेक्षा बरी निघाली. चमच्यातला च आणि चहातला च वेगळा, हे माझ्या हिंदीभाषक विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं जमत नाही, हिला पहिल्या दिवशी जमलं कारण जर्मनमध्ये झेड लिहून हाच चमच्यातला च म्हणतात आणि चहातला च पण आहे त्यांच्याकडे. अडला तो ळ. "काली चार, काली पाच" असंच चालू होतं (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ही नावं, गाण्याची पट्टी आपण त्यावरूनच सांगतो). मग माझ्याकडच्या तिसरी-चौथीतल्या पोरांनी शनिवारच्या क्लासला तिला स्क्रीनवर केळं दाखवून दाखवून ळ शिकवला. त्याचा साइड इफेक्ट म्हणजे तिचं मराठी पोरांचं मराठी झालं. मला "ए ताई तू थांब ना" म्हणायची. तिच्या भाषेत तू आणि तुम्ही दोन्ही आहे, त्यामुळे नंतर कळल्यावर कानापर्यंत लाल झाली बिचारी. मी म्हणलं मला चालतं, पण चाचांना म्हणू नकोस.

मला तिनं ऊवर दोन टिंबं असतात तो स्वर शिकवला. आमच्या भवनातल्या मॅडमनी आठवडाभर समजावलेलं जमत नव्हतं, हिनं गाणाऱ्या माणसासारखं सांगितलं, तोंडात ई धर आणि ओठ ऊचे कर. झालं. बदल्यात मी तिला आकार दिला म्हणायला हवं, कारण कॉयरमधला त्यांचा आ मागे, गोल, घुमटात घुमल्यासारखा असतो आणि मला हवा होता समोरचा, उघडा. तीन महिने गेले त्यात.

असो, तंबोऱ्याकडे येते.

मागच्या ऑगस्टमध्ये तिनं ठरवलं की ऑक्टोबरच्या सुट्टीत भारतात येणार आणि खरा तंबोरा घेऊन जाणार. मी म्हणलं मिरज. पुण्यातपण चांगली दुकानं आहेत, पण माझा स्वतःचा तंबोरा मिरजेचा, माझ्या गुरूंचा मिरजेचा, डोक्यात दुसरं नावच येत नाही. मुळात या गल्लीतली बरीचशी घराणी शिकलगारांची, म्हणजे तलवारी-हत्यारं बनवणारी, धार लावणारी. ते काम संपत गेलं तसे फरीदसाहेबांच्या, म्हणजे त्यांच्यातल्या पहिल्या वाद्यकारागिराच्या, काळापासून हे लोक वाद्यांकडे वळले. दीडशे वर्षांच्या वर झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. चाचांचं मी अभिनंदन केलं तर म्हणाले, "कागद आला की. पण भोपळा कुठं स्वस्त झाला?"

ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर दिली. फोनवर हे लोक सापडत नाहीत हे पहिलं वजा, दहा फोन केले की एक उचलला जातो आणि तोही नातवाकडून. मी जर्मनताईला म्हणलं तूच मेसेज कर, तेवढंच मराठी होईल. तिनं छान देवनागरीत लिहिलं, बायकी तंबोरा, नक्षी कमी, रंग गडद, आणि पट्टी "बी". चाचांच्या नातवाचा अंगठा आला. म्हणाले महिन्याभरात होईल. आता मिरजेतला महिना किती दिवसांचा असतो हे मला माहिती असल्यामुळे मी तिला ऑक्टोबरच सांगितला होता.

कोयना एक्सप्रेसनं गेलो दोघी. पोचल्यावर आधी तिला मीरासाहेबांच्या दर्ग्यात नेलं, कारण किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले आणि त्यांची कबर तिथे आहे, उरसाला अजूनही तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. ज्यांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतल्या परीक्षा आपण सगळ्यांनी रडतखडत दिल्या, ते विष्णु दिगंबर पलुस्करसुद्धा मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. तिला मी हे सगळं उत्साहात सांगत होते आणि ती माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, भूक लागली." बरोबर आहे, पाच-सहा तासांचा प्रवास. जेवलो. ज्वारीची भाकरी होती, तिला नाव विचारून घ्यायची सवय, वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या "जवारी". हे लक्षात ठेवा, पुढे येणारे.

दुकान म्हणजे खालच्या मजल्यावरची एक लांबट खोली. छताला भोपळे टांगलेले, कोपऱ्यात तुणीच्या लाकडाच्या दांड्या, भुसा, पॉलिशचा वास. बसायला खुर्ची एकच, तिच्यावर मांजर. भोपळे पंढरपूर भागातून येतात, भीमेच्या काठचे, कडू जातीचे, वाळवून पोकळ केलेले, जर्मनताईनं एकावर टिचकी मारली आणि दचकलीच, एवढा मोठा आणि वजन काहीच नाही. ती म्हणाली "ती तानपुरा फार सुंदर". चाचांनी कानसेवरून मान वर न करता दुरुस्त केलं, "ती न्हवं. तंबोरा तो. सतार ती. नवरा-बायको हायत ते." इतकं सोपं करून मी चार वर्षांत सांगितलं नव्हतं. तिच्या भाषेत बहुतेकदा दोन्ही बायकाच.

तंबोरा तयार होता. (तयार म्हणजे पॉलिशचा शेवटचा हात बाकी होता, हे दुसरं वजा, त्यासाठी एक रात्र स्टेशन रोडला लॉजवर काढली.) चाचांनी लावून दिला, ती गायला बसली आणि वरचा सा लावताना मान ताणली गेली. मी म्हणलं थंडीनं असेल, प्रवासानं असेल. पुन्हा. मग मी पर्समधून पिच पाइप (सूर तपासायची शिट्टी) काढला आणि वाजवून बघितलं, पांढरी सात! आणि तिची पट्टी काळी पाच, अर्धा सूर खाली.

चाचा म्हणाले, "बी म्हणलासा, बी केलं." बरोबरच होतं त्यांचं, आपल्याकडे बी म्हणजे पांढरी सात. जर्मनताई म्हणे, "पण काळी पाच म्हणजेच बी!" दोन मिनिटं दोघं एकमेकांकडे बघतायत आणि मी मध्ये. मग उलगडा झाला. जर्मनीत म्हणे काळी पाचला बी म्हणतात आणि पांढरी सातला एच! आपण इंग्रजीसारखं ए बी सी डी म्हणतो तिथे यांच्याकडे एच घुसलाय. आणि मी चार वर्षं शिकवतेय, काळी पाच म्हणून शिकवतेय, तीपण काळी पाच म्हणतेय, त्यामुळे हे कधी बाहेरच आलं नाही. पुरावा म्हणून तिनं कोपऱ्यातली पेटी ओढली आणि म्हणाली, बाखचं नाव वाजवते. बी, ए, सी, एच. काळी पाच, पांढरी सहा, वरची पांढरी एक, पांढरी सात. हा बाख म्हणजे त्यांचा मोठा संगीतकार, तिच्याच गावचा, म्हणजे १७२३ पासून १७५० मध्ये मरेपर्यंत लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये होता, ती त्या चर्चवरून रोज सायकलनं जाते. आपलं आडनाव सुरांत वाजवता येतं हे त्या माणसालापण माहिती होतं म्हणे आणि त्यानं ते वापरलंयसुद्धा. मी सवयीनं पांढरी सहाचा षड्ज धरून बघितलं, कोमल रे, सा, कोमल ग, शुद्ध रे. कुठल्याच रागात बसेना. चाचांनी मात्र शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "शिकलगार वाजतंय का बघा की."

आता इथे हे दुकान पाचपैकी पाच मिळवतं. चूक आमची होती. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता एक पट्टी उतरवून घ्या, चालतंय. आणि उतरतोही तसा, पण तार ढिली पडते, घोडीवर वेगळी बसते, आवाजात जो दाणा असतो तो जातो. चाचांनी काही न बोलता चारही तारा काढल्या, थोड्या जाड घातल्या, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, पितळी पण बदलली, आणि पुन्हा पहिल्यापासून जवारी काढायला बसले. पैसे घेतले फक्त तारांचे.

जवारी शब्द ऐकल्यावर जर्मनताईनं माझ्याकडे असं बघितलं की मला कळलंच. "पीठ?" म्हणाली. म्हणलं नाही गं बाई, ती खायची.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, तंबोऱ्याची तार ज्या रुंद घोडीवरून जाते तिचा माथा सपाट नसतो, अगदी हलका उतार असतो, तार छेडली की ती त्या उतारावर चाटून चाटून वाजते आणि त्यातनं तो भुंग्यासारखा गुंजणारा आवाज निघतो. तो उतार काढणं म्हणजे जवारी काढणं. त्यावर तारेखाली सुती दोऱ्याचा तुकडा सरकवायचा, त्याला जीव म्हणतात, दोरा केसभर इकडे तिकडे झाला की आवाज मरतो किंवा उघडतो. चाचा मांडी घालून बसले, तंबोरा मांडीवर आडवा, कानशीचे दोन हात, फुंकर, बोटानं पुसलं, तार चढवली, छेडली, मान हलवली नकारार्थी, तार उतरवली, पुन्हा दोन हात. प्रत्येक तारेला असं सात-आठ वेळा. वीज गेली मध्येच, त्यांना फरक पडला नाही, उलट फॅन बंद झाल्यामुळे बरंच झालं.

मग त्यांनी तिला विचारलं, "खुली पायजे का गोल?" मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर हातानं थांबवलं मला. तिला शब्द माहिती नव्हते. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "थोडा... मध." मध! चाचा म्हणाले, "म्हंजे गोल," आणि अजून एक हात मारला. मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना जवारी म्हणजे काय ते खडू-फळा घेऊन समजावतेय.

शेवटी सगळ्या तारा जुळल्या, मणी सरकवून बारीक सारीक जागेवर आणलं, आणि ती खर्ज छेडून कान भोपळ्याजवळ नेऊन बसली. एकदम म्हणाली, "ताई, गंधार वाजतोय! पण गंधाराची तार नाहीये." मी काही बोलले नाही, म्हणलं बघूया. ती म्हणाली हा आमच्या कॉयरचा गंधार आहे. पियानोवरचा नाही. हे अगदी खरं आहे, पेटी-पियानोवरचा शुद्ध गंधार जरा चढाच असतो, अर्ध्या सुराचे १०० भाग केले तर साधारण १४ भाग वर, आणि चांगला कॉयर बिनसाथीचं गाताना आपोआप खाली नैसर्गिक जागी येतो. त्यांचे मास्तर त्यांना वर्षानुवर्षं तेच सांगतात म्हणे, तिसरा सूर खाली धरा, खाली धरा. मी यमन शिकवताना तिच्या गंधाराला कधी हात लावावा लागला नव्हता आणि त्याचं श्रेय आपलं आपण घेत होते, ते त्या मास्तरांचं होतं तर.

मी सांगितलं याला स्वयंभू गंधार म्हणतात. स्वयंभू म्हणजे? आता याला जर्मनमध्ये सरळ शब्द आहे, ओबरटोन, वरचा सूर, पण स्वयंभू त्यात येत नाही. आदल्याच आठवड्यात आम्ही एका गणपतीला गेलो होतो, तिथला गणपती स्वयंभू, तो कोणी घडवला नाही आणि बसवला नाही, आहे तो आहे. म्हणलं तसा हा गंधार, कोणी तार लावली नाही. तिनं वहीत लिहून घेतलं. चाचा म्हणाले, "जवारी चांगली आसली तरच येतोय बरं का तो, आपोआप बिपोआप काय न्हाई." यावर मी काय बोलणार.

हिशोब असा, तंबोरा ३४ हजार, फायबरची पेटी ६ हजार, तारांचा एक जास्तीचा संच फुकट. जीपे चालतं. बिल हातानं लिहिलेलं, त्यावर "तंबूरा १ नग", विमानतळावर तेवढंच दाखवायला होतं, बिल नीट छापील मागून घ्या, परदेशी न्यायचं असेल तर लागतं. फायबरच्या पेटीची कडी पहिल्याच आठवड्यात निसटली, ती पेटी ते बाहेरून आणतात, तरी त्यांनी तपासून द्यायला हवी होती. आतून आम्ही माझ्या दोन जुन्या सुती साड्या कोंबल्या. साड्या लाइपझिगलाच राहिल्यात, त्यातली एक म्हणे तिनं खिडकीला लावलीय.

विक्रीनंतरची सेवा, हे मुद्दाम लिहिते. जानेवारीत तिचा मेसेज, खुंटी सरकतेय, जोडीची (मधल्या दोन सारख्या तारांतली) एक तार टिकतच नाही. तिकडे हिवाळ्यात घरात हीटर, हवा कोरडी, लाकूड आकसतं, खुंट्या सैल होतात. चाचांना व्हिडिओ कॉल लावला (चौथ्या फोनला नातवानं उचलला). चाचा म्हणाले, "खडू लाव, खडू." तिला खडू शब्द येईना. त्यांनी भिंतीवर हवेतच बोटानं अ काढून दाखवला. ती ओरडली, "क्राइडं!" आणि शाळेची बॅगच उपसली, शिक्षिकाच ती, खडू निघालाच. खुंटी काढली, खडू फासला, परत पिळून बसवली, बसली. खोलीत पाण्याचं भांडं ठेव हेपण सांगितलं त्यांनी. नंतर वीस मिनिटं चाचा तिला भोपळ्याला ऊन लावू नको, आडवा निजव, भिंतीला टेकवून उभा ठेवू नको असं सगळं सांगत होते, त्यांच्या मिरजेच्या मराठीत, आणि ती "व्हय, व्हय" म्हणत होती. माझ्या क्लासमध्ये हो म्हणायची. आता व्हय म्हणते. पोरं खूश.

मी ज्या कामाचे पैसे घेते त्यातलं अर्धं त्या दोन दिवसांत चाचांनी करून टाकलं असं मला कधीकधी वाटतं, पण हे जर्मनताईला सांगू नका, फी कमी करून मागेल आणि मग माझं जर्मन अर्धवट राहील.

एकूण पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो फोन आणि पेटीच्या कडीचा. जायचं असेल तर दोन दिवस हातात ठेवून जा, शुक्रवारी दुपारी नमाजाला दुकान बंद असतं, मांजराला खुर्चीवरून उठवू नका. कुठल्या रागासाठी मुख्यतः हवाय ते आधी सांगा, मालकंसवाले असाल तर पहिल्या तारेला मध्यम लागणार, तार त्या हिशोबानं देतात. आणि पट्टी सांगताना काळी-पांढरीतच सांगा. काळी, ळ चा ळ, नीट.